जकातआक्कांचा हयातीचा दाखला

जकात रद्द झाली त्या दिवसापासून ती शालन गवंडे यांच्याकडे राहायला आहे.

सरकारने एखादा कर रद्द केला की त्याची कुठेतरी सोय लावावीच लागते. तसाच मोकळा सोडला तर तो भेटेल त्याला अडवत सुटतो. म्हणून नियम असा आहे की रद्द झालेल्या प्रत्येक कराला एक खोली, दोन वेळचं जेवण आणि सांभाळणारं एक माणूस द्यायचं. ऐषाराम कराला एका म्हाताऱ्या हॉटेलवाल्याने नेलं; तिथे तो ताक-भाकरीवर सुखात आहे. बोरवड नाक्याची जकात न्यायला मात्र कोणी पुढे येईना, कारण तिचा स्वभाव सगळ्या तालुक्याला माहीत होता. शेवटी नाक्याच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या शालनने अर्ज केला. तिची एक खोली रिकामी होती आणि सरकार महिन्याला भत्ता देणार होतं. तिने ते भत्त्यासाठीच केलं, उगाच थोरपणा तिच्या नावावर मांडायला नको.

आक्का आल्या त्या एक लोखंडी खुर्ची, खाकी स्वेटर आणि पावतीबुकांची पेटी घेऊन. ठेंगण्या, साठीच्या पुढच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची गल्लीच्या तोंडाशी मांडली आणि पहिल्याच माणसाला हात केला.

"थांबा. काय माल?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून गल्लीने महिनाभर कपाळावर हात मारला. आक्का पैसे घेत नसत, ते अधिकार काढून घेतले होते. त्या जिन्नस घेत. किलोभर भेंडीला दोन भेंड्या, डझनभर केळ्यांना अर्धं केळं. प्रत्येकाला रीतसर पावती देत. संध्याकाळी त्या सगळ्याची मिळून शालनकडे एक भाजी होई. तिची चव रोज वेगळी असे आणि ती कधी बिघडत नसे.

पुढे पुढे लोकांना त्याची सवय लागली. आपल्या पिशवीत काय आहे हे जगात कोणीतरी रोज थांबवून विचारतं, ही काही वाईट गोष्ट नाही. घोरपडे गुरुजींची बायको गेली होती, मुलगा पुण्याला होता. त्यांना चार पेरू लागले तर ते चार खेपांत आणत. बेकरीचा इस्माईल अत्तार आक्कांनी विचारायच्या आधीच टोस्टचं पाकीट उघडून धरी.

आक्कांची अजून नोकरीत असलेली भावंडंही अधूनमधून येऊन जात. शेवटी राज्याचा बराचसा संसार चालायचा तो त्यांच्याच जिवावर. मुद्रांक शुल्क दिवाळीला येई आणि फराळाखालचा कागदसुद्धा उजेडाला धरून बघे. व्यवसाय कर फार गरीब. नोकरदारांची दारं करून यायचा आणि "महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे" याखेरीज त्याला बोलणं सुचत नसे. दारूवरच्या उत्पादन शुल्काची कमाई दांडगी, पण आक्कांनी त्याला उंबरा चढू दिला नाही.

सहा वर्षं अशी गेली. शालनला पोटचं कोणी नव्हतं, नवरा लवकर गेलेला. मशीनवर बसल्या बसल्या खिडकीतून "काय माल?" ऐकू आलं की तिला घर भरल्यासारखं वाटे. भत्ता दोनदा आला नाही तेव्हा तिने साधी चौकशीसुद्धा केली नाही.

मग नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा नमुना आला. तो दरवर्षीच येई, आक्का अंगठा उठवत आणि विषय संपे. यंदा त्यात एक नवा रकाना होता: गेल्या वर्षभरात हा कर चुकवणाऱ्या किमान एका व्यक्तीचे नाव व सही. खाली बारीक अक्षरात खुलासा होता. जो कर कोणीच चुकवत नाही तो कर नव्हे, ती रीत होय. अशा कराचे विलीनीकरण करण्यात येईल.

विलीनीकरण म्हणजे काय हे आक्कांना चांगलं माहीत होतं. त्यांचा धाकटा भाऊ विक्रीकर असाच विलीन झाला होता. त्या त्याला भेटायला गेल्या होत्या. त्याने ओळख दाखवली नाही, फक्त पंधरा आकडी जीएसटी नंबर विचारला.

"माज्या अंगाखांद्यावर खेळलाय त्यो," त्या तेव्हा शालनला म्हणाल्या होत्या. "मी बी असंच तुला नंबर इचारीन काय गं?"

नमुना शालनने दोनदा वाचला. अधिकारी अठ्ठावीस तारखेला येणार होते. हातात नऊ दिवस होते. तिने गल्लीला गोळा केलं आणि स्पष्टच सांगितलं की कोणीतरी आक्कांना चुकवायला हवं.

"आक्कांना?" इस्माईल म्हणाला. "वैनी, काय बोलताय? त्यांनी न्हाई इचारलं तर माज्या टोस्टला इचारणार कोन?"

तरी बिचाऱ्याने प्रयत्न केला. दोन पाकिटं सदऱ्याच्या आत घालून तो शीळ वाजवत निघाला. आक्कांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर हा आपणच म्हणाला, "टोस्ट हायत आक्का, दोन पाकिटं." गुरुजींनी मोठा बेत केला. ते मागच्या ओढ्याने वळसा घालून, चिखल तुडवत, अर्धा किलो वांगी घेऊन घरात शिरलेसुद्धा. पण ती वांगी त्यांना चिरवेनात. अर्ध्या तासात ते स्वतः खुर्चीपाशी आले आणि एक वांगं देऊन पावती घेऊन गेले. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेला माणूस, त्याच्याकडून दुसरं काय होणार!

कोणी खोटीच सही ठोकावी असंही निघालं. आक्का खुर्चीतून उठल्या.

"खबरदार! हितनं आजवर एक काडी सुटलेली न्हाई. मेले तर चालंल, पर कामात खोट न्हाई लावून घ्यायची."

ती सूचना तिथेच बारगळली.

खरं सांगायचं तर, एक काडी सुटलेली होती. एकच काय, बावीस सुटल्या होत्या, आणि हे फक्त शालनला ठाऊक होतं. आक्कांच्या पेटीतली सरकारी पावतीबुकं दुसऱ्याच वर्षी संपत आली. नवीन मिळणार नव्हती. खातंच बंद झालेलं. पावतीशिवाय आक्का काही घेणार नाहीत आणि काही घेतलं नाही तर त्या खुर्चीवर बसणार नाहीत, हे शालनला कळत होतं. म्हणून ती जुनं बुक घेऊन जयसिंगपूरच्या एका छापखान्यात गेली आणि तशीच बुकं छापून घेतली, पिवळ्या कागदाची, राजमुद्रेच्या जागी पुसट ठसा असलेली. ब्लाऊजपीसांच्या गठ्ठ्यात लपवून, आक्कांच्या समोरून आत आणली. "काय माल?" "कापड, आक्का." रात्री पेटीच्या तळाशी सरकवून दिली. चार वर्षांत बावीस बुकं. आक्का कौतुकाने म्हणत, सरकार किती बी बदनाम असू दे, पेटी भरून दिली होती बघ.

आता हे सांगितलं तर आक्का वाचतील. आणि ज्या पावत्यांवर त्या चार वर्षं ताठ मानेने बसल्या, त्या खासगी छापखान्यातल्या निघतील. शालनने आठवडाभर मशीनवर एक बाही तीनदा उलटी जोडली.

अठ्ठावीस तारखेला पडताळणी अधिकारी श्री. हेरवाडकर आले. सभ्य माणूस. त्यांनी आपल्या डब्यातली पोळी-भाजी खुर्चीपाशी आपण होऊन जाहीर केली, अर्धी पोळी दिली आणि पावती घडी करून खिशात ठेवली. मग घरात बसून नमुना उघडला.

"आपण हयात आहात?"

"तर काय! दिसत न्हाई व्हय?"

"आपल्याला कोण चुकवतं?"

"कोनाची छाती हाय?" आक्का म्हणाल्या, आणि आपणच काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं. सामान बांधायला किती वेळ मिळतो, असं त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

शालनला ते ऐकवलं नाही.

"मी चुकवते," ती म्हणाली.

हेरवाडकरांनी पेनाचं टोपण काढलं. "माल?"

"पावतीबुकं. बावीस." आणि मग तिने सगळं सांगून टाकलं, छापखाना, ब्लाऊजपीस, पेटीचा तळ. बोलताना ती आक्कांकडे बघत नव्हती. संपलं तरी बघत नव्हती.

हेरवाडकर अदबीने म्हणाले, "कारण हाही एक रकाना आहे."

"त्यांनी खुर्चीवर बसावं म्हणून," शालन म्हणाली.

हेरवाडकरांनी विचार करून 'घरगुती' असं लिहिलं.

आक्का उठल्या. पेटीकडे गेल्या, एक बुक काढलं, खिडकीशी नेऊन पान चिमटीत धरून पाहिलं. ठसा बोटाने चोळला. बोटाला शाई लागली.

"कापड म्हनालीस तू मला," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडावर."

"व्हय आक्का."

"बावीस डाव?"

"एका खेपंला तीन-तीन बी आणली." शालनच्या डोळ्यांत पाणी होतं. "सात-आठ डाव आसंल."

"आन् मला पत्ता न्हाई!" आक्का एकदम हेरवाडकरांकडे वळल्या. त्यांचा चेहरा कसा फुलला होता, विचारू नका; गालावर रंग चढला, आवाज नाक्यावरच्या जुन्या दिवसांसारखा खणखणीत झाला. "बगा सायेब, माज्या नाकाखालनं! पंचवीस वर्सं म्या ट्रकवाले धरले, गुळाच्या ढेपंत चांदी लपवनारे धरले, आन् ही पोरगी, साधी शिलाई करनारी... लिवा तिचं नाव. मोट्या अक्षरात लिवा!"

शालनने सही केली. अक्षर वळणदार आलं. हेरवाडकरांनी शिक्का मारला आणि दाखला आक्कांच्या हातात दिला. जकात, वय नमूद नाही, हयात.

"छापील कागद, चोरटी आयात," आक्का म्हणाल्या. "दहापट दंड बसतोय."

"भरते की," शालन म्हणाली.

एक अडचण निघाली. दंडाची पावती कोणत्या बुकावर फाडायची? सगळी बुकं चोरटी. हेरवाडकरांनी बसल्या जागी मार्ग काढला: आधी बुकांवरची जकात वसूल करावी, म्हणजे ती नियमित होतील, मग त्यांतूनच दंडाची पावती द्यावी. तसं झालं. दंड म्हणून शालनने सगळ्या गल्लीला शिरा करून घातला आणि त्यातला दहावा भाग आक्कांनी वेगळा काढून घेतला. इस्माईलने तीनदा मागून घेतला, गुरुजींनी नको नको म्हणत दोनदा.

दुसऱ्या दिवशी मंगळवारचा बाजार होता. शालन दुपारी परत आली, हातात मेथीची जुडी, पाव किलो शेंगदाणे आणि दोऱ्याची रिळं. खुर्चीपाशी आल्यावर ती नेहमीसारखी थांबली.

"काय माल?"

"मेथी, शेंगदाणं, दोरा."

इतकी वर्षं यावर आक्का मान हलवत आणि आत सोडत. आज त्या उठल्या. चष्मा नाकावर नीट बसवला. पिशवी हातातून घेतली, एकेक जिन्नस कट्ट्यावर मांडला, मेथीची जुडी सोडून पान न् पान झटकलं, पिशवी उलटी करून शिवण तपासली.

"हात वर कर," त्या म्हणाल्या. "तुज्यावर आता माजा इस्वास न्हाई."

भर दुपारी, अख्ख्या गल्लीसमोर शालन दोन्ही हात वर करून उभी राहिली. आक्का तिच्या बाह्या चाचपत होत्या, पदराची टोकं सोडून बघत होत्या, जराही घाई न करता. मागे इस्माईल आणि दोन-तीन जणं आपापल्या पिशव्या घेऊन खोळंबली होती. शालनने हात खाली घेतले नाहीत. तिला फार बरं वाटत होतं.