दाजीबाने खाल्लेला नारळ

एका जंगलात, जिथल्या वाघाने शिकार सोडून उद्घाटनं धरली होती, दाजीबा नावाचं एक अस्वल राहत होतं.

त्या जंगलात ट्रायथलॉनची साथ आली. म्हणजे काय मुलांनो, तर आधी तळं पोहून जायचं, मग सायकलवरून डोंगराला वळसा घालायचा आणि मग, जीव उरलाच तर, बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं सूर्य मावळायच्या आत. कशासाठी, ते विचारायचं नाही.

दाजीबाने नाव दिलं आणि लगेच त्याचा सत्कार झाला. हो, शर्यतीच्या आधीच! वाघसाहेबांना नंतरची तारीख मोकळी नव्हती. शाल मिळाली, नारळ मिळाला, 'लोहअस्वल' ही पदवीही मिळाली.

शर्यतीच्या दिवशी दाजीबा मजेत पोहला. सायकलही झकास चालवली. त्याची आत्या सर्कशीत होती. पण पळताना विसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले. तिसाव्याला तो चिंचेखाली आडवाच झाला.

पाणी वाटणारी घोरपड म्हणाली, "उठा दाजीबा, आलंच आता जवळ."

"दहाव्या किलोमीटरलाही हेच सांगत होते," दाजीबा कण्हला.

तेवढ्यात त्याची बायको भागू डबा घेऊन आली.

"भागू, मी सोडतो. शाल आणि नारळ परत देऊन टाकू."

"अहो, शाल देते. नारळाच्या करंज्या केल्या."

"सगळ्या संपल्या?"

"तुम्हीच खाल्ल्या की. अकरा."

दाजीबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाल्लेला नारळ परत द्यायचा तरी कसा? तो उठला. लंगडला, रडला, मध्येच चार पायांवर आला, पण थांबला नाही. दर किलोमीटरला त्याला एकेक करंजी आठवत होती. अकरा करंज्या अकरा किलोमीटर पुरल्या. बारावा त्याने नुसत्या लाजेवर काढला.

सूर्य टेकता टेकता तो पोचला. तिथे चिटपाखरू नव्हतं. मांडव उतरला होता. सेक्रेटरी मुंगूस तेवढं सतरंजीची घडी घालत होतं.

"माझं नाव लिहा!" दाजीबा धापा टाकत म्हणाला.

"ते सत्काराच्या दिवशीच लिहिलं की. बाकीचे सत्कारमूर्ती घरी झोपलेत. तुम्ही पळालात कशाला?"

दाजीबाने विचारलं, "आणि वेळ? वेळ काय लिहिलीय?"

"चांगली लिहिलीय हो. आजच्यापेक्षा तीन तासांनी कमी. बदलू का?"

दाजीबाने डोळे पुसले. थोडा विचार केला.

"राहू द्या," तो म्हणाला.

तात्पर्य : मेहनत केली की सत्कार होतो, असं तुम्हाला शाळेत सांगतील. सत्कार तसाही होतो, मुलांनो. मेहनत करावी लागते ती नारळ फोडल्यावर. म्हणून तो देवघरात ठेवून द्यावा आणि आपण निवांत झोपावं.