सयाजीचा डावा दंड

"दोन महिन्यांत दोन्ही दंड सारखे करून दाखवतो, नाहीतर नाव लावणार नाही!" सयाजीने अजीज टेलरच्या दुकानात, दंडाला टेप गुंडाळलेली असतानाच जाहीर केलं.

त्यात त्याचा दोष नव्हता हो! पिंपरीच्या कंपनीत तो सहा वर्षं हाताच्या प्रेसवर होता. शिफ्टभर उजव्या हाताने दांडा ओढायचा आणि डाव्याने नुसता पत्रा सरकवायचा. परिणाम काय, तर उजवा दंड पंधरा इंच आणि डावा साडेबारा! लग्नाचा शर्ट बेतणारा अजीज म्हणाला, "सयाजीभाऊ, डाव्या बाहीत धाकट्या भावालाही बसवू का? जागा आहे!"

शर्टाने झाकलं जाईल, पण हळदीचं काय? रहाटणीच्या मांडवात, सासरच्या पन्नास बायकांसमोर, उघड्या अंगाने पाटावर बसायचं! इंद्रायणीला त्याने एकदाच पाहिलं होतं, बघायला गेला तेव्हा. सगळा वेळ तिची मान खाली. पण निघताना तिने दारातून हळूच वर पाहिलं आणि त्या दिवसापासून सयाजीचं जेवण निम्म्यावर आलं. अशा पोरीला आपल्यापायी मैत्रिणींत खाली बघावं लागलं तर?

सांगवीच्या तालमीतले चिमाजी वस्ताद म्हणाले, "बारबेल घे! एकच दांडा, दोन्ही टोकांना सारखं वजन. म्हंजे दोन्ही हात सारखेच पिळून निघत्यात."

वेल्डिंगवाला मन्सूर हा सयाजीचा जिवलग दोस्त. त्याने कपाळावर हात मारला. "अरे भावा, बैलजोडीत एक दांडगा असला की सगळा भार तोच ओढतो, दुसरा आयता चालतो! तू डंबेल घे. एकट्या डाव्यालाच वजन दे, मग पळून जाईल कुठे?"

पण मन्सूरचे दोन्ही दंड एकत्र केले तरी सयाजीचा एक भरला नसता. त्याचं कोण ऐकतो! बारबेल ठरला. मन्सूरने बिचाऱ्याने भंगारातला शाफ्ट आणला, दोन टोकांना दोन दातेरी चाकं घातली. "वेल्ड मारू?" त्याने विचारलं. "छे! पुढे आणखी चाकं चढवायचीत मला!" सयाजी म्हणाला.

रविवारी सकाळी काळेवाडीच्या चाळीतल्या खोलीत सयाजीने "जय बजरंग!" म्हणून बारबेल उचलला. उजवा हात झपकन डोक्यावर गेला. डावा कानापाशीच थांबला. दांडा कलंडला, डावीकडचं चाक सटकून धाडकन खाली! मग उजवी बाजू जड झाली, तिकडचंही चाक निसटलं आणि उंबरा ओलांडून उताराला लागलं. शेजारच्या दुर्गाबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवरून गेलं, कोंबड्या उधळल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी एका फेटेवाल्या पाहुण्याच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

फेटेवाले पाहुणे म्हणजे उद्धवराव, इंद्रायणीचे वडील! लग्नपत्रिकेचा मजकूर दाखवायला आले होते. चाक दोन्ही हातांनी उचलून ते दारात उभे राहिले. "ह्ये तुमचंच का, जावईबापू?"

सयाजी उघडाबंब, दांडा धरून भुईवर बसलेला. उद्धवरावांनी उजवा दंड पाहिला. मग डावा पाहिला. मग पुन्हा उजवा!

"मामा, हे जन्मापासून नाही हो! कंपनीचं आहे!"

"आसं व्हय," उद्धवराव म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले. सोयरा चहा न घेता गेला! चाळीने लग्न मोडल्याचं जाहीर करून टाकलं.

तीन दिवसांनी निरोप आला, 'आयतवारी या.' रविवारी सयाजी मन्सूरला घेऊन रहाटणीला गेला. उद्धवरावांनी गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "इंद्रे, भाईर ये!"

ती आली. तिने दोन्ही हात पुढे केले. डाव्या हातातल्या बांगड्या सैल खुळखुळत होत्या, उजव्यातल्या गच्च रुतल्या होत्या.

"आठ जनावरांचा कडबा मीच कापते," ती म्हणाली. "यंत्राचं चाक उजव्या हातानं फिरवायचं. धा वर्सं झाली. बांगड्या भरताना कासारीण म्हनती, दोन हातांना एक माप बसंना, अन् बाया हसत्यात. तुमच्याकडचे बी हसतील म्हनून जीव नुसता टांगणीला लागला व्हता. बाबा गेल्या आयतवारी घरी येऊन म्हनले, पावनं बी तसंच हायेत. लई बरं वाटलं बघा."

सयाजीने नुसती डावी बाही वर केली आणि आपला बारीक दंड तिच्यापुढे धरला. इंद्रायणी खुदकन हसली. इतकं गोड की हळदीला पन्नासच काय, पाचशे बायका आल्या तरी आता त्याला फिकीर नव्हती!

"मी सांगत होतो, एकट्या डाव्याला काम दे!" मन्सूरने संधी साधली.

"मंग हितं डाव्या हातानं फिरवायला कुनी धरलंय?" उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी गोठ्यातल्या कडबा कापायच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

पुढचे सात रविवार सयाजी भावी सासऱ्याचा कडबा डाव्या हाताने कापत होता. इंद्रायणी पलीकडे बसून पेंढ्या पुरवत होती, त्यामुळे त्याला दमायला सवडच नव्हती. म्हशी गुबगुबीत झाल्या. उद्धवराव बाजेवर पडून विडी ओढायला शिकले.

शेवटच्या रविवारी त्यांनी जावयाचे दोन्ही दंड सुतळीने मापले आणि गंभीरपणे म्हणाले, "अजून बोटभर फरक हाय, जावईबापू. लग्नाची तारीख दोन म्हैने म्होरं ढकलू का?"

सयाजी तोंड उघडणार, तेवढ्यात पेंढ्यांच्या ढिगामागून आवाज आला.

"न्हाई!"