गफूर सरांचं घट्ट पाणी

गफूर सर चहाचा ग्लास आधी डोक्याच्या वर धरून बुडाकडून बघतात. तळाला भुकटी दिसली की टपरीवाल्याला सुनावतात, "ह्यो चहा न्हाई, निलंबन हाय. भुकटी खाली, पाणी वर."

मुखेडच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात, मी मराठी. घरंही शेजारी-शेजारी, त्यामुळे माझी सुटका नाही. सरांच्या लेखी जगात फक्त मिश्रणं आहेत. साखरपाणी समांगी, चिवडा विषमांगी. नांदेडची एसटी? "विषमांगी. नायगाव आलं की घटक वेगळे होतात." शिक्षकांच्या बैठकीत भांडण पेटलं तर म्हणतात, "हलवू नका, आपोआप खाली बसंल." एकदा हौसेने मी त्यांना माझी कविता ऐकवली. डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "गाळून बघितली सर. वर काय राहिलं न्हाई." मी आठ दिवस बोललो नाही.

मागच्या वर्षी सरांच्या बायकोला, आमच्या भाभींना, लकवा झाला. बोलणं परत आलं, पण पाणी पिताना ठसका लागायचा. डॉक्टरांनी बजावलं, पाणी घट्ट करूनच द्या, पातळ पाणी छातीत गेलं तर जिवावर बेतेल.

सरांनी थंड पाण्यातच कॉर्नफ्लोअर ढवळलं. तेवढ्यात मी पेपर मागायला गेलो आणि दारात गप्पा मारत बसलो. मग त्यांनी तोच ग्लास भाभींच्या ओठांना लावला. भाभींना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. आम्ही दोघं त्यांची पाठ चोळत राहिलो. त्या सावरल्यावर सरांनी ग्लास पाहिला. पीठ सगळं तळाला बसलं होतं, वर नुसतं पाणी.

"निलंबन," ते म्हणाले. "तीस वर्षं फळ्यावर लिहायलोय. शिजवल्याबिगर कलिल होत न्हाई, पीठ पाण्यात धरून राहत न्हाई. अन् घरात मीच चुकलो."

तेव्हापासून ते रोज पीठ शिजवून, निववून ठेवतात. मधल्या सुट्टीत घरी पळतात.

परवा भर दुपारी शाळेतून थेट त्यांच्या घरी गेलो, तर दोघांच्याही हातात ग्लास आणि चमचा. सर तेच पांढरं, बेचव, खळीसारखं पाणी खात होते.

मी घाबरलो. "सर, तुम्हाला काय झालं?"

"काय बी न्हाई."

"ऐकतच न्हाईत ओ," भाभी सावकाश म्हणाल्या. "घरात साधं पाणी पीतच न्हाईत."

सरांनी भाभींची हनुवटी रुमालाने पुसली. "तिला लई तहान लागते सर. तिच्यासमोर माठातलं गार पाणी मी कसं पिऊ?"

उन्हातून चालून माझ्या घशाला कोरड पडली होती. पण पाणी मागायचा धीर झाला नाही.