सुभेदारांचा आवाज

आमच्या लालबागच्या चाळीत दारं दिवसभर सताड उघडी असतात. पण परब सुभेदारांच्या उघड्या दारातून आत जायचं तर परवानगी लागते. उंबऱ्यावर सावली पडली रे पडली की आतून फौजी पहाऱ्यावरची आरोळी येते, "थम! कौन आता है?" मग आपण "दोस्त!" म्हणायचं. दूधवाला म्हणतो, मीही म्हणतो. एकदा मतं मागायला आलेला उमेदवार चुकून "नमस्कार" म्हणाला. त्याला त्यांनी जिन्यापर्यंत मागे पिटाळून पुन्हा यायला लावलं.

तुमचं काम संपलं असं त्यांना वाटलं की दुसरा हुकूम सुटतो, "लाइन तोड!" म्हणजे निघा. चहा अर्धा राहिला असेल तर कप घेऊन निघा, आणि धुऊन परत आणून द्या.

लढाईत डाव्या कानाजवळ तोफगोळा फुटला, तेव्हापासून तो कान कामातून गेला. त्यामुळे सुभेदारांची कुजबूजसुद्धा खालच्या मजल्यावर ऐकू जाते. फोन ते स्पीकरवरच घेतात. त्यांच्या पोटाच्या तक्रारी आमच्या अख्ख्या मजल्याला तोंडपाठ आहेत.

या आवाजाचं खरं वैभव दिसतं ते चाळीच्या सत्यनारायणाला. आम्ही सगळे मूळचे कोकणातले, तेव्हा पूजेनंतर गाऱ्हाणं आलंच. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. सुभेदार देवाच्या आडून चाळीचा समाचार घेतात. "बा देवा म्हाराजा, तिसऱ्या माळ्यावर जो कोण नळ उघडो ठेवता, तेका बुद्धी दी रे म्हाराजा!" की नळवाल्यासकट सगळे, "व्हय म्हाराजा!"

मी परळच्या एका स्टुडिओत कार्टून मालिकेचे संवाद लिहितो. मालिकेत मेजर कडकनाथ नावाचा एक खडूस निवृत्त फौजी बाप आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत तो मुलावर खेकसत असतो. त्याच्यासाठी आवाज सापडेना. नट मंडळी ओरडायची, पण त्यांच्या ओरडण्याने कोणी घाबरेना. म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? सुभेदारांनाच घेऊन गेलो.

त्यांनी खुर्ची नाकारली आणि माइकसमोर सावधान उभे राहिले. पडद्यावरचं चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "ह्यो मेजर? मेजर घरात अशी भांडी आपटत नाय. ह्यो सुभेदार आसा. आणि तेका पोट आत घेऊक सांगा!" कडकनाथ त्याच दिवशी मेजरचा सुभेदार झाला, आणि चित्रकाराने निमूटपणे त्याचं पोटही आत घेतलं.

मालिका चालली. चाळीतली पोरं खिडकीशी येऊन "कडकनाथ, ओरडा ना!" म्हणू लागली आणि सुभेदारही हौसेने ओरडू लागले. बायको गेल्यापासून त्या खोलीत माणूस हसल्याचा आवाज आला नव्हता. तो यायला लागला, याचं मला फार बरं वाटायचं.

मग तो भाग आला, ज्यात कडकनाथ मुलाला "चुकलं माझं" म्हणतो. सुभेदारांनी कागद वाचला. "सुभेदार असा बोलत नाय," म्हणाले. बोलून पाहिलं, पण गळ्यातून शब्दच फुटेना. बाहेर काचेपलीकडे निर्माते घड्याळ बघायला लागले. हा माणूस आता चिडून निघून जाणार आणि पुन्हा त्या मुक्या खोलीत जाऊन बसणार, ही धास्ती मला पडली.

गळा का अडला ते मला ठाऊक होतं. त्यांच्या मुलाने, शेखरने, माटुंग्याला केकचं दुकान काढलं. उद्घाटनाला चार माणसांत सुभेदार गरजले, "शिपायाच्या घरात हलवाई निपजलो!" त्या दिवसापासून शेखर चाळीचा जिना चढला नाही. लालबाग ते माटुंगा असं अंतर ते किती! पण आधी कोणी जायचं?

मी आत गेलो. म्हटलं, "सुभेदार, मुलाला नका सांगू. देवाला सांगा."

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मला बाहेर जायची खूण केली. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी माइकला हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! माजो झील तेच्या वाटेन गेलो. मी तेका चार माणसांत नको ता बोललंय. माजा चुकला. तेच्या धंद्याक यश दी, आणि एकदा तेका घराकडे धाड रे म्हाराजा!"

आणि ते थांबले. गाऱ्हाण्यात जिथे सगळे ओ देतात तिथे थांबतात, तसे. पण "व्हय म्हाराजा" म्हणायला आत कोणी नव्हतं, आणि आम्हा बाहेरच्यांचा आवाज आत जात नव्हता. ती शांतता आम्ही त्या भागात तशीच ठेवली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मी त्यांच्याच खोलीत होतो. कडकनाथने हात जोडले, गाऱ्हाणं घातलं, गप्प झाला. सुभेदार एकाएकी उठून देव्हाऱ्यातली आधीच लखलखीत असलेली समई पुसायला लागले.

फोन वाजला.

"थम! कौन आता है?"

स्पीकर खरखरला. मग हळूच आवाज आला, "व्हय म्हाराजा."

शेखर होता. सुभेदार हातात फडकं धरून सावधान उभे राहिले.

"उशीर केलंस," ते म्हणाले.

"तुमी आता सांगलात, बाबा."

"रविवारी ये. आणि तुजो तो केक घेवन ये. बिगरअंड्याचो. संकष्टी आसा."

"आणतंय."

सुभेदार माझ्याकडे वळले. डोळे भरले होते. "लाइन तोड," म्हणाले, आणि तेही इतकं हळू, की मला ते ओठांवरून ओळखावं लागलं.

मी बाहेर आलो. फोन स्पीकरवर, त्यामुळे अख्खा मजला गॅलरीत कान देऊन उभा होता. मी सुभेदारांचं दार अलगद ओढून घेतलं आणि त्या सगळ्यांना म्हणालो, "लाइन तोड!"