एक वाटी, दोन डोकी

आमच्या शोभनानं ऐन नवरात्राच्या तोंडावर केस रंगवणं सोडलं आणि घरात कुणाला विचारलंसुद्धा नाही. सून म्हणून आली तेव्हापासून आमटीत गूळ किती घालायचा ते ती मला विचारते, पोरं मोठी झाली तरी विचारते, आणि डोक्यासारख्या डोक्याचा निर्णय मात्र परस्पर घेऊन मोकळी झाली. त्या रविवारी मी सवयीनं मागच्या ओट्यावर खांद्यावर जुनी साडी टाकून बसले होते. ती वाटी घेऊन आली. बघते तर वाटीत रंग निम्माच.

"दुसरं पाकीट संपलं का गं?"

"नाही आई. आता एकच लागेल. माझं बंद केलं मी."

आमची पद्धत अशी की रंग एकाच वाटीत कालवायचा, आधी तिनं माझं डोकं रंगवायचं, मग मी तिचं. गल्लीतल्या बातम्या, नातेवाइकांची उणीदुणी, दिवाकरच्या चुका, सगळं त्या ओट्यावर निघायचं. दिवाकर म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा. त्याच्या चुकांनाच निम्मा वेळ जायचा. डोक्यावर रंग असला की माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून तिथं बोलणं पुरं होतं. त्या दिवशी तिनं माझं डोकं रंगवलं, ब्रश धुतला आणि भाजी चिरायला आत निघून गेली. मी रंग वाळायची वाट बघत एकटीच बसले. समोर कोण, तर दोरीवर दिवाकरच्या बनियनी.

मी तिला विचारलं, हे खूळ कुठून काढलंस. ती म्हणाली, "थकले आई. जरा दिवस गेले की मुळं दिसायला लागतात, मग आरशात मी दुसरं काही बघतच नाही. चेहरा बघितलाच नाही कित्येक वर्षं." चेहरा बघायला आरसा कशाला लागतो, मी रोज बघते की.

पांढरे केस एकदम येत नाहीत, हा त्यातला खरा वैताग. वरून पांढरे उगवत गेले, खाली जुने काळे लोंबत राहिले, आणि मधे अशी रेघ, जशी भिंत अर्धी रंगवून रंगारी जेवायला गेला आणि परत आलाच नाही. मी तिला मोजून नाही, पण येता-जाता सांगत होते की ऑफिसात बाईनं कसं टापटीप दिसावं. इकडे घराबाहेर सगळं हिंदीतच चालतं; जवळच्या देपालपुरला लग्नाला गेलो तर नवरीची आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "और ये आपकी बड़ी बहन हैं?" माझ्या काळ्याभोर डोक्याशेजारी आमची सून उभी, तेव्हा ती बिचारी तरी काय करणार. शोभना पोट धरून हसली. मीही हसले. मला आतून जे वाटलं ते काही इथं सांगायची गरज नाही.

शोभना बेटम्याच्या रस्त्यावर एका नमकीनच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. जुने सेठजी होते तोवर ठीक होतं. आता त्यांचा मुलगा यशवर्धन बाहेरून शिकून आला आणि खुर्चीत बसला. दुबईहून मोठी पार्टी माल बघायला येणार होती. त्यांच्यापुढं जो सगळं मांडेल, पुढं कारखाना त्याच्याच हातात जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. शोभनानं ह्या दिवसाची किती वाट बघितली ते मला माहीत आहे. ओट्यावरच सांगायची ती, डोक्याला रंग असताना.

एका संध्याकाळी पोळ्या करता करता ती म्हणाली की यशवर्धननं तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. आवाज अगदी साधा. त्यानं तिला म्हटलं, "मॅडम, आप तो समझती हैं, पार्टी के सामने थोडा प्रेझेंटेबल होना पड़ता है. आपको ऑड लगे तो पलक कर लेगी." पलक म्हणजे मागल्या वर्षी लागलेली मुलगी. गुणी आहे, डोक्यावरचा एक केस इकडचा तिकडे होत नाही तिचा. एवढं सांगेस्तोवर तव्यावरची पोळी जळली. आमच्या घरात तिच्या हातून पोळी जळत नाही.

मला त्या पोराचा असा राग आला की सांगता सोय नाही. आता कुणी म्हणेल, आजी, तुम्ही तरी महिनोन्‌महिने दुसरं काय म्हणत होता. मी म्हणते ते वेगळं. मी घरची आहे. परक्यानं माझ्या सुनेच्या डोक्याकडे बघायचं काय कारण?

त्याच वेळी माझं ठरलं. पांढरे तर पांढरे, पण मग असे लख्ख असले पाहिजेत की त्या पोरानं डोळे झाकावेत.

अडचण एकच होती. आमच्या बोरिंगच्या पाण्यानं तिचे पांढरे केस पिवळट पडत. त्यासाठी तिनं एक महागाची बाटली मागवली होती, जांभळ्या रंगाचा शांपू. जपून वापरायची. पार्टी येणार त्याच्या आदल्या दुपारी मी न्हाणीघरात ती बाटली हातात घेऊन जरा वास घेत होते, तर ती निसटली. झाकण उघडंच होतं. सगळा शांपू मोरीत गेला आणि मोरी जांभळी झाली.

तिथं उभी राहून मी विचार केला. पांढऱ्यातलं पिवळं जायला जांभळं-निळं घालायचं, हे तर मला कधीपासून ठाऊक आहे. हे तर नीळच झालं. आमचे हे होते तेव्हा त्यांचे पांढरे सदरे मी नीळ देऊनच धुवायचे, आणि ते बाहेर पडले की अख्खी गल्ली वळून बघायची. ह्यांच्याकडे नाही, सदऱ्याकडे. मग मी बाटलीत घरचा साधा शांपू भरला आणि वरून नीळ घातली. सदऱ्याला बादलीभर पाण्यात दोन-चार थेंब पुरतात. पण तो सदरा, हे डोकं, आणि उद्या तिचा मोठा दिवस. हात जरा सैल सोडला.

सकाळी शोभना न्हाऊन आली आणि तिनं डोक्याचा टॉवेल सोडला. दिवाकर चहात खारी बुडवत होता. खारी गळून चहात पडली तरी त्याला कळलं नाही. वरचे सगळे केस आकाशी निळे, खाली काळे.

मग दिवाकर हळूच म्हणाला, "शोभना, हे तू ठरवून केलंस का? म्हणजे मी त्या हिशेबानं बोलतो."

ती आरशाकडे धावली. मी दारात उभी राहून सांगून टाकलं की बाटली मी सांडली आणि मीच भरली. लपवाछपवी माझ्याच्यानं होत नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती परत न्हाणीघरात गेली, परत धुतलं, पुन्हा धुतलं, आणि दर वेळी निळं जास्तच उजळून निघालं. दिवाकरनं आपला मिशीचा रंग आणून दिला. त्यात मिशीच रंगते. शेवटी मी माझं पाकीट फोडलं आणि वाटीत कालवलं. अजून वेळ होता. पार्टी अकराला यायची होती; काळं केलं असतं तरी त्याच्या आत ती कारखान्यात पोचली असती.

ती ओट्यावर येऊन बसली, पाठ माझ्याकडे करून, खांद्यावर तीच जुनी साडी. किती दिवसांनी.

"लावा आई," ती म्हणाली. "काळेच करून टाका. खाली-पीली हट्ट केला मी. नाही तर पलक करेल."

दिवाकरनं दुखावलं की "काही नाही झालं" म्हणते ना, तोच आवाज होता. मी ब्रश बुडवला. मला हवं होतं ते सगळं माझ्यासमोर होतं, डोकं, वाटी, ओटा. कानामागे निळं फारसं चढलं नव्हतं. तिथले केस पांढरे, नवे, जावळ काढल्यावर लेकराला येतात तसे मऊ. मी इतके दिवस ती रेघच बघत होते, केस बघितलेच नव्हते.

मी ब्रश वाटीत ठेवून दिला.

"तुमच्या कारखान्यात डोक्यावर टोपी घालावी लागते ना गं? कुठल्या रंगाची?"

"निळी असते. जाळीची."

"मग पार्टीला खोलीत कशाला बसवतेस? सरळ कढईपाशी ने."

"आई, यशवर्धनसरांनी काचेच्या खोलीत पडद्यावर सगळं तयार करून ठेवलंय."

"त्याला सांग, शेव खोलीत येईस्तोवर गार होते. गार शेव दाखवायला दुबईहून बोलावलं का त्यांना?"

तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, म्हटलं रडते आहे. ती हसत होती. मग तिनं केस बांधले, पर्समधली टोपी घरूनच डोक्यावर चढवली आणि दिवाकरच्या गाडीत बसून गेली. रस्त्यानं बघणाऱ्यांना वाटलं असेल, कुणी ऑपरेशनला निघालंय.

वाटीत रंग तयार होता. वाया कशाला घालवायचा म्हणून मी माझ्या डोक्याला लावला. पुढं पुढं लावता आला. मागे हात पोचत नाही.

दुपारी शोभनाच्या नंबरावरून फोन आला. मी घाईघाईनं उचलला, तर तिकडून आवाज भलत्याच बाईचा. "माताजी, नमस्ते. मैं दुबई से आई हूँ. आपकी बहू कह रही हैं, बालों का नुस्खा आपका है?"

झालं असं, की कढईपाशी पार्टी खूश झाली. गरम शेव, पुढ्यात निघालेली, हातात घेऊन शोभनानं सगळं समजावलं, आणि तिथं तर सगळेच टोपीत, यशवर्धनसुद्धा. पण जेवायला बसताना टोप्या निघाल्या. यशवर्धन पाणी पिता पिता थांबला. आणि पार्टीची जी मुख्य बाई, तिनंही आपली टोपी काढली, तर तिचं डोकं अख्खं पांढरं. बारीक कापलेलं आणि जरा पिवळट. तिनं शोभनाच्या डोक्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, पिवळं जायला तुम्ही काय लावता? शोभना म्हणाली, सासूबाईंना विचारावं लागेल.

मी सांगितलं, "बहनजी, नील. पूरी बाल्टी में दो बूँद. मैंने ज़्यादा डाल दी, बहू का बड़ा दिन था."

ती बाई इतकी हसली की फोन दूर धरावा लागला. हसता हसता कुणाला तरी म्हणाली, आमचं काम ह्याच बघतील, दुसरं कुणी नको. मागून यशवर्धनचं "जी, जी" ऐकू आलं. माझा कान अजून चांगला आहे.

संध्याकाळी शोभना ताज्या शेवेचा डबा घेऊन आली. यशवर्धन तिला म्हणाला होता, मॅडम, हा ब्लू राहू द्या, आपल्या पाकिटाला मॅच होतो. तिनं त्याला सांगितलं की हा चार वेळा न्हाल्यावर जाईल आणि मग पांढराच राहील. त्यावर तो म्हणाला, वो भी चलेगा. कारखान्याच्या किल्ल्या सोमवारपासून तिच्याकडे. हे सांगताना ती माझ्या पाया पडायला वाकली, आणि वाकता वाकता तिचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं.

"आई, हे मागून काय झालंय?"

मी तिला धरून उजेडाकडे वळवलं, नीट बघितलं, आणि सांगून टाकलं.

"हे बघ शोभना. पांढरे तुला शोभतात. तू पांढरी राहा. मी काही सोडणार नाही, ह्या घरात एक तरी तरुण बाई पाहिजे. आता वाटी घेऊन ये, माझं मागचं राहिलंय. आणि रंग वाळेस्तोवर इथून उठायचं नाही. पहिल्यापासून सांग, तो पोरगा पाणी पिता पिता कसा थांबला."