डोमाजी मामांचं विमान

डोमाजी मामा वारले. मी साकोलीला कॉलेजच्या लायब्ररीत कामावर होतो. फोन आला, बस धरली, गावी गेलो. तेव्हापासून मामांबद्दल लिहीन लिहीन म्हणतो आहे, आणि लिहायला बसलो की आधी तो पोळाच डोळ्यांपुढे येतो.

त्या पोळ्याला गावच्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या होत्या. शिंगांना रंग, पाठीवर झुली. रांगेच्या शेवटी मामा उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांवर फोमचं विमान होतं. पंखांना बेगड लावली होती, नाकाला कुंकू. आपल्या शेजारी बैल आहेत आणि आपल्या हातात बैल नाही, याचा मामांच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

"मामा, हे उद्या आणा, तान्ह्या पोळ्याले!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. दुसऱ्या दिवशी पोरंसोरं लाकडी बैल मिरवतात, तो तान्हा पोळा. सगळं गाव हसलं.

"लाकडाच्या बैलात मोटर रायते काय गा?" मामांनी विचारलं. "तुही जोडी नुसती रवंथ करते. हे वर जाते."

तोरण तुटलं, जोड्या घरोघर निघाल्या, तसे मामाही विमान घेऊन निघाले. काही घरांनी हसतहसत विमानाला ओवाळलं. मामांनी विमानाच्या वतीने नमस्कार घेतला.

मामा धुरकरी होते, म्हणजे शंकरपटात बैलांची जोडी हाकणारे. त्यांची जोडी सुटली की धुळीशिवाय काही दिसायचं नाही, असं म्हातारे अजून सांगतात. मग कोर्टाच्या बंदीने पट बंद झाले आणि मामांनी जोडी विकली. गावाला वाटलं, मामा आता खाटेवर बसणार. तेवढ्यात ते मला भेटायला कॉलेजात आले. तिथे विज्ञानाचं प्रदर्शन भरलं होतं आणि एका टेबलावर नवशिक्यांसाठीचं साधं, रिमोटवर उडणारं विमान ठेवलेलं होतं. मामा त्याच्यापुढे उभे राहिले ते उभेच राहिले.

"बापू, हे चुकलं तं काय होते?"

मी तिथला कागद वाचून सांगितलं. या विमानाचा पंख वर असतो आणि त्याची टोकं थोडी उचललेली असतात. उडवणारा गोंधळला तर त्याने हात सोडावा, विमान आपलं आपण सरळ होतं.

"हे तं म्हातारा बैल हाये," मामा म्हणाले. "नव्या धुरकऱ्याले तापट बैल देत नाही. म्हातारा देते. पोरगा चुकते, बैल चुकत नाही."

पुढच्या रविवारी मी इंटरनेटवरून काढलेली इंग्रजी पानं घेऊन त्यांच्याकडे गेलो. मी वाचायचो, मराठीत सांगायचो, मामा मान हलवायचे आणि नंतर आपल्या मनाचं करायचे. पहिलं विमान थर्माकोलचं होतं. त्याचे पंख त्यांनी सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवले. सकाळी पाहतो तर सोल्युशनने थर्माकोल विरघळून पंखाच्या जागी भोक.

"खाल्लं लेकाच्यानं!" मामा भोकातून माझ्याकडे बघत म्हणाले.

दुसरं फोमच्या शीटचं केलं आणि बैलाची शिंगं रंगवतात तसं शेपटाकडून गेरूने रंगवत आणलं. नाकापर्यंत पोचण्याआधी गेरू संपला. शेपूट जड झालं. विमान सोडल्यावर ते सरळ आभाळाकडे तोंड करून उभं राहिलं, थबकलं आणि शेपटावर आपटलं. "नमस्कार केला त्यानं," मामा म्हणाले. तिसऱ्याच्या नाकात बॅटरी पुढे सरकवली, दोन बोटांवर पंख तोलून पाहिला, आणि ते उडालं.

ते उडालं तेव्हा मी तिथे होतो. पटाच्या ओस मैदानावर, बैल धावायचे त्याच पट्टीवरून ते उठलं, धानाच्या बांध्या ओलांडून तळ्यावर गेलं, वळलं. मी आयुष्य पुस्तकांत घालवलं आहे, पण इतका गप्प मी कुठल्याच पुस्तकापुढे झालो नव्हतो. मामा रिमोट पोटाशी धरून "हो रे राजा, हो!" म्हणत होते आणि वळणावर स्वतः कमरेत वाकत होते.

मामी बांधावर बसायच्या. त्या यायच्या भांडायला, असं गाव म्हणायचं.

"अजी, डावीकडे कुठं चालले? मोहाच्या झाडावर घर बांधता काय?"

"आता खाली कायले? चांगलं सरळ जाऊन राहिलं होतं!"

"नाक माह्याकडे करा म्हणते ना! ऐकाचंच नाही!"

लोक विमानापेक्षा हे ऐकायलाच जमायचे. "मामी, जरा तं उडू द्या बिचाऱ्याले," असं एखादा म्हणायचा. मामी त्यालाही सुनवायच्या, पण नजर आभाळातून काढायच्या नाहीत.

एका रविवारी मामी भाचीच्या लग्नाला सिहोऱ्याला गेल्या होत्या. मामा म्हणाले, आज वारा फार आहे. गवत तर हलतही नव्हतं. मी फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी विमान सोडलं. ते तळ्यावर गेलं. मग मामा हळूच म्हणाले, "बापू, कुठं हाये?"

"वर आहे."

"वर तं मलेबी मालूम हाये. नाक कोणाकडे?"

मला पटकन सांगता येईना. उजवीकडे म्हणेपर्यंत ते डावीकडे झालेलं असायचं. विमान तळ्यात गेलं. मासे धरणाऱ्या ढीवरांच्या लाकडी डोंग्यातून ते परत आलं, शिंगाड्याचे वेल अंगावर घेऊन.

बांधावर बसून पंख पुसता पुसता मामांनी सांगितलं. काचबिंदू. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जाईल. शेवटच्या पटात त्यांना कडेचे लोक दिसले नव्हते. जोडी गर्दीला घासून गेली. कोणाला लागलं नाही. जोडी त्यांनी त्यामुळे विकली होती. पट त्याच सुमारास बंद झाले, म्हणून गावाला ते कळलं नाही.

"हे कोणाच्या पोटात शिंग घालत नाही," ते विमानावर हात ठेवून म्हणाले. "अन् मले धाव सोडवत नाही गा."

"पण दिसत नाही तर उडवता कसं?"

"तुही मामी बोलते, तिकडे वळतो. भांडाची अक्कल तिचीच. सरळ सांगतलं असतं तं गावानं ओळखलं असतं." मग थांबून म्हणाले, "सांगू नको कोणाले. मंग मले हात धरून चालवतीन."

मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारपासून मामी पुन्हा बांधावर बसल्या आणि मी पहिल्यांदा ते भांडण नीट ऐकलं. एक शब्द वाया जात नव्हता. मोह म्हणजे पूर्व, देऊळ म्हणजे पश्चिम, "जीव घेता काय" म्हणजे वर घ्या.

शेवटच्या हिवाळ्यात मामांना माझा चेहराही दिसत नव्हता. त्या दिवशी मैदानावर बरीच माणसं होती. वारा आडवा होता, मामींचा घसा बसला होता. बसक्या आवाजात त्या रागावत राहिल्या आणि विमान तळ्यावरून वळलं, पट्टीला लागलं, उतरत आलं, एकदा उसळलं आणि धावत येऊन मामांच्या पायापासून थोडं अलीकडे थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मामी, आता तरी चांगलं बोला!" कोणीतरी म्हणालं.

मामा कान देऊन उभे होते. "थांबलं?" त्यांनी विचारलं.

"थांबलं जी," मामी म्हणाल्या. "लय चांगलं आलं."

हे छापू का, असं मी मामींना विचारलं. "लिव," त्या म्हणाल्या. "आता त्याह्यचा हात धराले कोणी येत नाही."

पट पुन्हा सुरू झाले आहेत. मैदान बैलांचं झालं आहे. मामी त्या घरात एकट्या राहतात. रविवारी मी जातो, आम्ही दोघं जेवतो.