म्हातारा गेल्याची तिहेरी खात्री

बातमी कशी वाचावी हे मला कोणी शिकवू नये. फ्लॉपीच्या जमान्यापासून मी कॉम्प्युटरच्या धंद्यात आहे. माझा एक नियम आहे आणि तो मी ऑफिसात, लिफ्टमध्ये, दाढीला बसलो तर न्हाव्यालाही ऐकवतो. कुठलीही बातमी तीन वेगळ्या माणसांकडून कळल्याशिवाय खरी मानायची नाही. लोक फोनवर आलं की वाचलं, वाचलं की पुढे ढकललं! डोकं वापरायचं नाव नाही.

तसा मी यंत्रांच्या विरोधात नाही, पोट त्यांच्यावरच आहे. पण हल्ली केटलसुद्धा स्मार्ट निघाली आहे. पाणी उकळलं की फोनवर कळवते म्हणे. अरे, पूर्वी शिट्टी वाजायची, ती अख्ख्या घराला कळायची. बायको म्हणते, "तुमच्याकडे मतं फार आणि लक्ष कमी." हे तिचं एकटीचं मत आहे. नियमाप्रमाणे ते खरं मानायचं काही कारण नाही.

तर त्या दिवशी सकाळी मी बूट चढवत होतो. बायको शाळेत शिकवते, ती वह्या पिशवीत कोंबत म्हणाली, "ऑफिसला जायच्या आधी बाबांकडे डोकावून जा. काल फोनवर दम लागल्यासारखे बोलत होते. मला आज तास सोडून निघता येणार नाही. जाल ना नक्की?"

"जातो म्हटलं ना."

"तुमचं 'जातो' मला माहीत आहे."

सासरे एकटे राहतात, आमच्या घरापासून लांब नाहीत. त्यांचं आणि माझं बरं आहे. म्हणजे ते मला कॉम्प्युटरबद्दल काहीतरी विचारतात, आणि मी उत्तर सुरू केलं की टीव्हीचा आवाज वाढवतात.

मी जिना उतरतोय तोच ऑफिसातून फोन आला. आमच्याकडे नेटवर्क बघणारी बाई आहे, तिचा आवाज रडवेला. "सर, लवकर या. म्हातारा धापा टाकतोय."

म्हातारा म्हणजे आमचा सगळ्यात जुना सर्व्हर. त्याच्या पंख्याची घरघर कॉरिडॉरमध्ये ऐकू येते. सगळे त्याला नावं ठेवतात, पण साऱ्या ऑफिसच्या रजा आणि हजेरी त्याच्याच पोटात. तो बसला की आम्ही सगळे गैरहजर. मी मनाशी म्हटलं, सासरे काय, दुपारीही असतील. आणि सरळ ऑफिस गाठलं.

सर्व्हरच्या खोलीत फोन लागत नाही. जाड भिंती, वर एसीचा गारठा. मी म्हाताऱ्याशी बराच वेळ झोंबलो. बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तो नुसता हुं करायचा आणि गप्प व्हायचा. शेवटी वैतागून वायर काढली, बाहेर कॉरिडॉरच्या खिडकीपाशी आलो, जिथे फोनला जरा रेंज येते, आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं:

"म्हातारा गेला. सकाळपासून धापा टाकत होता. दोनदा उठवून पाहिलं, उठला नाही. हाल बघवेनात, शेवटी मीच वायर काढली. कोणी रडारड करू नका. आतलं जे चांगलं आहे ते काढून घेऊ. बाकीचं न्यायला भंगारवाल्याला सांगितलंय."

आता ऑफिसचा ग्रुप माझ्या फोनवर कायम सगळ्यात वर असतो, कारण तिथे दिवसभर कटकट चालू असते. मी नाव वाचत नाही. हाताला सवय आहे. पण मधल्या वेळात बायकोने घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "बाबा फोन उचलत नाहीत. हे तिकडेच गेलेत, कळवतीलच." त्यामुळे घरचा ग्रुप वर सरकला होता. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, गोंधळ माझ्या एकट्याचा झाला तेवढा पुरे.

मी परत आत गेलो. बाहेर आलो तर फोन थांबायचं नाव घेईना. पहिले साडूभाऊ.

"फार वाईट झालं हो. सासरेबुवा असे अचानक जातील असं वाटलं नव्हतं."

सकाळचं सगळं डोळ्यांसमोर आलं. पण नियम म्हणजे नियम. मी विचारलं, "बातमी पक्की आहे?"

"आता शंका कसली घेताय? होतं असं. मनाला पटत नाही," साडू म्हणाले आणि त्यांनी नाक शिंकरलं.

हा झाला एक. मग मेहुण्याचा फोन आला. तो हुंदके देत होता. "भाऊजी, बाबा गेले. मी एवढा सख्खा मुलगा, पण मी नव्हतो तिथे."

"मीही नव्हतो रे," मी म्हणालो.

"कळतंय मला, भाऊजी. शरीर तिथे, पण मन थाऱ्यावर नसतं."

तिसरा फोन मावससासूबाईंचा. "जावईबापू, त्यांना फार त्रास झाला का हो शेवटी?"

"मला काय माहीत, मावशी?"

"नका सांगू, माझ्याच्याने ऐकवणार नाही. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तरी तेच केलं असतं."

मी खिडकीची कड घट्ट धरली. म्हणजे मी सकाळी त्यांच्याकडे न जाता ऑफिसात पळालो, हे सगळ्यांना कळलंय तर! आणि किती मोठ्या मनाने माफ करतायत बिचारे. तीन वेगळी माणसं, तीन वेगळे फोन, बातमी एकच. खात्री झाली. मी तिथेच, नेटवर्कवाल्या बाईसमोर, ढसाढसा रडलो. ती म्हणाली, "सर, एवढं काय, नवा घेऊ की."

बायकोला फोन लावला. तिने उचलला आणि एवढंच म्हणाली, "आत्ता माझ्याशी काही बोलू नका. बाबांकडे या, तिथेच काय ते बोलू." आणि ठेवून दिला.

मी टॅक्सी पकडली. प्रत्येक सिग्नल लाल. टॅक्सीवाला म्हणाला, "हल्ली बातम्यांवर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही, साहेब." एरवी मी त्याला मुक्कामापर्यंत पुरलो असतो. त्या दिवशी मला कशावरच मत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: दुपारीही असतील.

सासऱ्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला होता. मी दार ढकललं. सगळे भिंतीला टेकून बसलेले, आणि मधोमध खुर्चीत सासरे, बशीत चहा ओतून फुंकर मारत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुम्ही गेलात ना?"

"गेलो होतो," ते म्हणाले. "केस कापायला. फोन चार्जिंगला लावून ठेवला होता. परत येतो तर हिच्याकडच्या चावीने दार उघडून माझ्याच घरात सगळे तोंडं पाडून बसलेले. आणि ही मावशी मला दारात बघून अशी किंचाळली की खरंच गेलो असतो."

मी त्यांचे हात धरले. गरम होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या नव्या कापलेल्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांनी तो झटकला. "काल मला दम लागला होता तो जिना चढून आल्यामुळे. आता हे सांगा, माझ्या आतलं काय काय चांगलं आहे, जे तुम्ही काढून घेणार होतात? आणि मला न्यायला भंगारवाला?"

बायकोने तिचा फोन माझ्या नाकासमोर धरला. मी माझाच मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे तुम्हा तिघांना हे कळलं कुठून?" मी साडूंना, मेहुण्याला आणि मावशींना विचारलं.

"तुमच्याकडूनच की," तिघेही म्हणाले.

मी घाईघाईने सर्व्हरची हकीकत सांगितली. साडू हसायला लागले. बायको हसली नाही.

"सकाळी इथे आला होतात?"

"नाही."

"मी वर्गात उभी होते. मेसेज वाचला तेव्हा मनात म्हटलं, निदान हे तरी जवळ होते. तेवढाच आधार वाटला." तिचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही त्या डब्यापाशी होतात."

मी म्हणालो, "चुकलो." तिने पदर डोळ्यांना लावला. सासरेच मग म्हणाले, "जाऊ दे गं. वेळ आली तर वायर काढायला जावई मागेपुढे बघणार नाही, एवढं तरी कळलं."

तेवढ्यात माझा फोन थरथरला. नेटवर्कवाल्या बाईने ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "वायर परत लावली. म्हातारा उठला." मी फोन खिशात टाकणार, तर बायको म्हणाली, "आधी घरच्यांना खरं काय ते कळवा. अजून माणसं निघालीत इकडे यायला. आणि या वेळी तिघांनी तपासल्याशिवाय पाठवायचं नाही. तुमचाच नियम आहे."

मी लिहिलं. सासऱ्यांनी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. साडूंनी 'थोडे रागावलेत'मधलं 'थोडे' खोडून 'फार' करायला लावलं. बायकोने 'माझ्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द घातले. तिघांनी माना डोलावल्यावर मी नेहमीच्या सवयीने सगळ्यात वरच्या ग्रुपवर टाकलं:

"बाबा सुखरूप आहेत. माझ्या निष्काळजीपणामुळे गैरसमज झाला. केस कापून आले, चहा घेतला, फार रागावलेत. आज दिवसभर मी त्यांच्याजवळच बसणार आहे."

मजकूर तिघांनी तपासला होता. ग्रुपचं नाव कोणीच नाही.

लगेच आमच्या मॅनेजरचं उत्तर आलं. "काळजी घेताय, बरं वाटलं. पण त्याला बाबा कधीपासून म्हणायला लागलात? आणि त्याच्यावर चहा कोणी सांडला?"

मी हे तिघांना कसं सांगावं याचा विचार करत होतो, तोच दाराची बेल वाजली. बाहेर सासऱ्यांचे फिरायला जाणारे सगळे मित्र आले होते, मान खाली घालून. आणि दार उघडायला सासरेच उठले.